श्रद्धांजली पुस्तकांच्या कपाटात दिसू द्या

एखादा मोठा माणूस गेल्याची बातमी आली की आमच्या गावात दुपारपर्यंत चौकात फलक लागतो. फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली दहा-बारा नावं. त्यामागची माया खरी असते. पण परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या एका गावात सार्वजनिक वाचनालय चालवणारी बाई म्हणून माझा एक आग्रह आहे. लेखकाला श्रद्धांजली वाहायची असेल, तर त्याची पुस्तकं गावात वाचायला मिळाली पाहिजेत.

दीड वर्षाच्या काळात मराठवाड्याची तीन मोठी माणसं गेली. ना. धों. महानोर 3 ऑगस्ट 2023 रोजी गेले. न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर 25 जानेवारी 2025 रोजी गेले आणि त्यांच्यामागोमाग 11 फेब्रुवारीला रा. रं. बोराडे. बोराडे सरांना राज्य शासनाचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार जानेवारीतच जाहीर झाला होता. तो हाती घ्यायला ते राहिले नाहीत. सन्मान कधी वेळेवर पोहोचतो, कधी उशिरा. वाचकाला मात्र कुणाच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही.

बोराडे सर गेल्यावर आमच्याकडे 'पाचोळा' मागायला माणसं येऊ लागली. 1971 साली आलेली ही कादंबरी. गावातल्या शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पार्वती स्वतःच्या तोंडाने, आपल्याच बोलीत सांगते. वाचनालयात तिची एकच प्रत. पाठीची शिवण उसवलेली, मधली पानं सुटलेली. मी ती जाड दोऱ्याने शिवली आणि पहिल्यांदा दिली ती घरी ब्लाउज शिवून संसार चालवणाऱ्या एका बाईला. पुस्तक परत करताना ती म्हणाली, "ताई, ही पार्बती आमच्या सासूवानी बोलती. त्या माणसाला आमच्या घरातलं कसं कळालं?" पन्नास वर्षांहून जुनं पुस्तक एका शिवणयंत्रापाशी पुन्हा जिवंत झालं. बोराडे सरांचं याहून मोठं स्मारक मला सुचत नाही. त्या एका प्रतीसाठी अजून माणसं थांबलेली आहेत.

काही जण म्हणतात, आता सगळं मोबाइलवर मिळतं. महानोरांची 'जैत रे जैत'मधली गाणी मिळतात, हे खरं. पण ज्या पोराने ती गाणी शंभरदा ऐकली, त्याला 1967 सालच्या 'रानातल्या कविता' ठाऊक नसतात. पळसखेडच्या या शेतकऱ्याने विधान परिषदेत शेतीचे आणि पाण्याचे प्रश्न मांडले, हेही ठाऊक नसतं. गाणं मोबाइलवर पोहोचलं, माणूस वाटेतच राहिला.

चपळगावकरांचं तसंच. ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते आणि 2023 साली वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, एवढं बातमीतून कळलं. पण मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं 'कर्मयोगी संन्यासी' हे चरित्र त्यांनी लिहिलं, हे आमच्या भागातल्या मुलांना कुणी सांगायचं? परभणी, नांदेड, हिंगोली, लातूरची मुलं ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, त्याला स्वामीजींचंच नाव आहे. दर 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, शाळेच्या मैदानात झेंडावंदन होतं, भाषणं होतात. त्या दिवशी या चरित्राची चार पानं मोठ्याने वाचली, तर स्वामीजी आणि त्यांचे चरित्रकार दोघंही मुलांपर्यंत पोहोचतील.

परभणीला हे नवं नाही. सातोन्यात जन्मलेले बी. रघुनाथ 7 सप्टेंबर 1953 रोजी गेले, तेव्हा त्यांचं वय अवघं चाळीस होतं. सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. सत्तर वर्षांनंतरही परभणीचे रसिक सप्टेंबरात त्यांच्यासाठी जमतात. छत्रपती संभाजीनगरात त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. माणसं दरवर्षी ठरवून बसली आणि वाचत राहिली, म्हणून हे नाव टिकलं. आपल्या जिल्ह्याला जमलेली ही रीत या तिघांसाठीही जमू शकते.

त्यासाठी फार काही लागत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं गावोगावी चालतात. शासनाच्या अनुदानात पगार, वीज, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं सगळंच भागवावं लागतं. म्हणून गावाचा हात लागतो. लेखक गेला की वर्षभरात त्याची निदान पाच महत्त्वाची पुस्तकं तालुक्याच्या प्रत्येक वाचनालयात यावीत. प्रकाशकांनी ती छापील उपलब्ध ठेवावीत. घरच्यांनी पत्रं, वह्या, कात्रणं माळ्यावर न टाकता विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपवावीत, कारण आमच्याकडची वाळवी आणि पावसाळ्यातली ओल कागदाला फार दिवस राहू देत नाही. आणि स्मृतिदिनी भाषणांच्या आधी अर्धा तास त्या माणसाचं लेखन वाचावं.

फलक लावणाऱ्या तरुणांना माझं सांगणं एवढंच. तुमची तळमळ मी पाहिली आहे. वर्गणी काढायला, रात्रीतून काम उभं करायला तुम्हीच लागता. पुढच्या वेळी त्या वर्गणीतून पुस्तकं घ्या आणि पहिल्या पानावर तुमची दहा-बारा नावं लिहा. फलक पंधरवड्यात उतरतो. पुस्तक वाचणारा प्रत्येक माणूस आधी तुमची नावं वाचेल आणि मग लेखकाला भेटेल. सुरुवात 'पाचोळा'च्या दोन प्रतींनी करू या. वाचक रांगेत आहेत.