बॅटरीचा मिताहार

लॅपटॉपसारखी वस्तू घरात आली की तिच्या संगोपनाचा उपदेश करण्याचा अधिकार कुटुंबप्रमुखाकडे आपोआप चालत येतो. मीही तो बजावला. गतवर्षी एप्रिलात परीक्षा आटोपताच कन्येला म्हणालो, "बॅटरी पुरती उतरू दे, मगच यंत्र कपाटात ठेव." तिने निमूटपणे तसे केले.

जूनमध्ये लाटंबार्से गावी पावसाने जोर धरला आणि वीज जाऊ-येऊ लागली. वीज गेली की लॅपटॉपही तत्क्षणी बंद! अर्धा लिहून झालेला निबंध दोनदा नाहीसा झाला. डिचोलीच्या कारागिराने निदान केले : बॅटरी निकामी. "बाबा, तुम्हीच सांगितलं होतं ना?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

माझा उपदेश जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा होता. ती अर्धवट उतरवून पुन:पुन्हा भरली तर तिची क्षमता घटे, म्हणून पूर्ण उतरविण्याचा प्रघात पडला. आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती 1991 साली बाजारात आली. तिच्या जनकांपैकी तिघांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिला तो जुना दोष नाही. उलट उपासच बाधतो. रिकामी ठेवलेली बॅटरी कपाटातही हळूहळू उतरतच राहते, आणि एका मर्यादेखाली गेली की पुन्हा भरून घेत नाही.

तुडुंब भरून ठेवणेही तिला मानवत नाही. दैनंदिन वापरात 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. ऐंशीवर थांबण्याची सोय पुष्कळ लॅपटॉपमध्ये असते. दीर्घकाळ ठेवावयाची तर निम्मी भरून, यंत्र बंद करून, थंड व कोरड्या जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पाहावी. उष्णता हा तिचा मोठा शत्रू. म्हणून गादीवर ठेवून लॅपटॉप चालवू नये, मे महिन्यात बंद मोटारीत तो विसरू नये.

बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र काटकसर नको. वापर व चार्जिंग तत्काळ थांबवावे. ती दाबू वा टोचू नये, आग लागू शकते. घरच्या कचऱ्यातही टाकू नये. 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

यंदा सुट्टीपूर्वी कन्येने नवी बॅटरी निम्मी भरून ठेवली. मला विचारले नाही, याचे मला समाधानच वाटले.