फ्रेमची दुसरी बाजू

गेल्या महिन्यात आमच्या वर्गाची सहल झबील पार्कमधल्या दुबई फ्रेमवर गेली होती. ऊद मेथाहून फ्रेम इतकी जवळ, की आमच्यापैकी काहींना ती घराच्या गॅलरीतून रोज दिसते. कदाचित म्हणूनच आम्ही वर कधी गेलो नव्हतो! १५० मीटर उंचीचे दोन मनोरे आणि त्यांना वरून जोडणारा ९३ मीटर लांबीचा पूल, अशी ही वास्तू १ जानेवारी २०१८ रोजी खुली झाली. पुलाच्या मधोमध पायाखाली काच आहे. तिच्यावर कोण किती वेळ उभे राहिले, हे आम्ही इथे छापणार नाही.

आमचे म्हणणे फोटोंबद्दल आहे. बाईंनी प्रत्येकाला तीन फोटो आणायला सांगितले होते. पाहतो तर काय, जवळजवळ सगळ्यांत बुर्ज खलिफा! पुलाच्या दक्षिणेला शेख झायेद रोडचे उंच मनोरे दिसतात. उत्तरेला करामा, बर दुबई, खाडी आणि पलीकडे देरा. उजव्या हाताला आपले ऊद मेथा. तिकडे फारसे कोणी वळलेच नव्हते.

काही जण म्हणाले, "त्या बाजूला आहे काय? गच्चीवरच्या टाक्या आणि डिश अँटेना!" आहे ना, आपले घर आहे. आमची एक मैत्रीण परीक्षेनंतर कायमची पुण्याला जाणार आहे. तिच्या फोनमध्ये बुर्ज खलिफाचे अकरा फोटो निघाले. जन्मापासून ती ज्या इमारतीत राहिली, तिचा एकही नाही.

बुर्ज खलिफाचे फोटो पोस्टकार्डवरही मिळतात. आपल्या गल्लीचे कुठे मिळणार? आणि शहर थांबत नाही. १९७९ साली सुरू झालेली वर्ल्ड ट्रेड सेंटरची ३९ मजली इमारत त्या वेळी दुबईत सर्वांत उंच होती. शंभर दिरहमच्या कागदी नोटेवर तिचे चित्र आले. आज ती फ्रेमवरून शोधावी लागते. ऊद मेथातला लॅम्सी प्लाझा २०१७ च्या आगीनंतर बंद झाला. आमच्या ताई-दादांची खरेदी तिथे व्हायची. फोटो मागितले, तर कोणाकडेच नव्हते.

शिवाय उजेडही आपल्याच बाजूने आहे. इथे वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. म्हणजे बुर्ज खलिफाचा फोटो उन्हाकडे तोंड करून काढावा लागतो आणि करामा मात्र स्वच्छ उजळलेला दिसतो. काचेत आपलेच प्रतिबिंब येऊ नये म्हणून फोन काचेला टेकवून धरावा. धुरकट हवेचा दिवस टाळावा. कोणाच्या खिडकीत डोकावू नये आणि न विचारता माणसांचे फोटो काढू नयेत. इथला कायदाही तेच सांगतो.

तेव्हा वाचक मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी वर गेलात की एकदा पाठ फिरवा. आपली इमारत शोधा. फोटोमागे तिचे नाव, रस्ता आणि तारीख लिहून तो वर्गात आणून द्या. झेरॉक्समध्ये फोटो काळाकुट्ट येतो, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून सोबत चार ओळीही लिहा. मराठीतून!