डोळे तिथे, शरीर इथे

ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने आपले नाव बदलून ‘मेटा’ केले. माणसे लवकरच डोक्याला आभासी जग दाखवणारा हेडसेट लावून बैठका घेतील, खरेदी करतील, दूरच्या मित्रांना भेटतील, असे चित्र तेव्हा कंपनीने जगापुढे ठेवले होते. त्या चित्रात रंग भरण्याचे काम ज्या रिअॅलिटी लॅब्स विभागाकडे होते, त्याचा २०२२ ते २०२४ या तीन वर्षांतला तोटा ४७ अब्ज डॉलरच्या वर गेला. अॅपलचा व्हिजन प्रो हा हेडसेट फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरना विक्रीस आला. त्याच्या तंत्राची वाखाणणी झाली, पण तो रोजच्या वापरातली वस्तू झाला नाही. यंत्रे हलकी आणि स्वस्त झाली की सगळे सुरळीत होईल, असे या उद्योगातले लोक सांगतात. स्वस्त यंत्रे तर आलीही. मेटाचा क्वेस्ट २ हा हेडसेट २०२० मध्ये २९९ डॉलरना मिळत होता आणि लाखोंनी विकला गेला. तरीही दिवसाचे आठ तास तो डोक्यावर ठेवून कोणी जगू लागले नाही. कारण अडचणीचा मोठा भाग किमतीत नसून माणसाच्या कानात आणि डोळ्यांत आहे.

आपला तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात आणि कॅल्शियमचे सूक्ष्म कण पुढे-मागे होणारी हालचाल व गुरुत्वाकर्षण. या नोंदी डोळ्यांनी पाहिलेल्याशी जुळतात, तोवर आपल्याला त्यांचे भानही नसते. घाटात पुस्तक वाचणाऱ्याला गाडी लागते ती हा मेळ तुटल्यामुळे: वळण कानाला कळते, पण पानावर खिळलेल्या डोळ्यांना कळत नाही. हेडसेटमध्ये याच्या नेमके उलटे होते. हातातली कळ दाबून आभासी रस्त्यावरून चालू लागावे, तर डोळे ‘निघालो’ म्हणतात आणि कान ‘जागीच आहोत’ म्हणतो. मग काहींना मळमळते, काहींना घाम फुटतो, काहींचे डोके हेडसेट काढल्यावरही बराच वेळ जड राहते. डोके वळल्यावर चित्र उशिरा वळणे हा पूर्वीचा मोठा दोष होता. तो वेगवान प्रोसेसरनी जवळजवळ संपवला आहे. चालण्याचा प्रश्न मात्र प्रोसेसरने सुटणारा नाही. म्हणूनच अनेक खेळांत माणूस चालतच नाही. एका जागेवरून अदृश्य होऊन दुसऱ्या जागी उमटतो. ही तडजोड उपयोगी आहे, पण तिने प्रश्न सुटत नाही, फक्त टळतो.

डोळ्यांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. जवळची वस्तू पाहताना दोन्ही बुबुळे नाकाकडे वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातले भिंग फुगून त्या अंतराशी जुळते. लहानपणापासून या दोन क्रिया जोडीने चालतात. बहुतेक हेडसेटमध्ये पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असतो आणि मधल्या भिंगांमुळे तो साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखा स्पष्ट दिसतो. ते अंतर बदलत नाही. आभासी फूल नाकाजवळ आले की बुबुळे वळतात, पण नजर स्पष्ट ठेवायची तर भिंगाला त्या दीड-दोन मीटरवरच थांबावे लागते. थकवा आणि डोकेदुखी यांचे हे एक मोठे कारण आहे. नजरेनुसार अंतर बदलणारी भिंगे प्रयोगशाळांत तयार झालेली आहेत; ती बाजारात रास्त भावात येतील तेव्हा हा त्रास कमी होईल. दोन बुबुळांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते, स्त्रियांमध्ये सरासरीने कमी आणि मुलांमध्ये त्याहून कमी. ते अंतर हेडसेटच्या भिंगांशी जुळले नाही तर त्रास वाढतो. हेडसेट विकत घेणाऱ्या संस्था ही साधी बाब क्वचितच विचारात घेतात.

वजनाचाही प्रश्न आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावरचा पहिला संगणकीय पडदा तयार केला, तेव्हा यंत्रणा छताला टांगावी लागली होती. व्हिजन प्रोचे वजन सहाशे ग्रॅमच्या वर आहे, तेही बॅटरी वेगळी खिशात ठेवून. प्रगती मोठी आहे, पण मानेला वजनाचा अजून विसर पडलेला नाही. आणि स्पर्श? कंप देणारे हातमोजे आहेत, मात्र आभासी दगड उचलताना त्याचे वजन हाताला जाणवत नाही, कारण हात खाली ओढणारे तिथे काही नसते.

या सगळ्या अडचणी असूनही हे तंत्र जिथे खरोखर कामाला आले, ती ठिकाणे नीट पाहावीत. वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी सिएटलमधील भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ उभे केले. जखमेची पट्टी बदलताना होणारी वेदना औषधांनाही पुरती आवरत नाही. अशा वेळी रुग्ण हेडसेटमधून बर्फाच्या दरीत जातो आणि हिममानवांवर, पेंग्विनवर बर्फाचे गोळे फेकतो. वेदनेला लक्ष लागते. ते लक्ष दरीत गुंतले की वेदना कमी जाणवते. रुग्णांनी हे वारंवार सांगितले आहे. पाण्यात बसवून जखमा धुताना चालेल असा हेडसेट या संशोधकांनी बनवला, आणि ज्यांचे डोके किंवा चेहरा भाजला आहे त्यांच्यासाठी डोक्याला न टेकणारा, दांड्यावर आधारलेला चष्माही. आजूबाजूचे जग झाकून टाकणे, हाच इथे उपचार आहे. काम संपले की चष्मा निघतो. हेडसेट जे उत्तम करतो ते हे: माणसाला थोड्या वेळासाठी त्याच्या जागेपासून तोडणे. दिवसभराच्या कामकाजात, कुटुंबात, वर्गात आपल्याला नेमके हेच नको असते.

शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणातला पुरावा आणखी बोलका आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठातील अभ्यासात सोळा निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांना आभासी सरावाची जोड दिली होती. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना ते सोडवण्याचे काम त्यांनी २९ टक्के अधिक वेगाने केले आणि त्यांच्या चुकाही पुष्कळ कमी झाल्या. आभासी सरावाचे हे यश अनेकदा हेडसेटच्या खात्यात जमा केले जाते. प्रत्यक्षात तो सराव साध्या संगणकाच्या पडद्यासमोर, हत्यारांच्या दोन खऱ्या मुठी हातात धरून होत होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जन पडद्याकडेच पाहतो आणि लांब दांड्यांच्या हत्यारांनी काम करतो, म्हणून सराव आणि काम यांत फारसे अंतर उरले नाही. पोट उघडून बोटांनी ऊती चाचपायची असेल तिथे हे अंतर पुष्कळ वाढते. मन किती गुंगले यापेक्षा हाताला काय करावे लागले, हे कौशल्य शिकताना अधिक मोलाचे ठरते.

आता त्या प्रश्नाकडे, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. हेडसेट चालायचा तर त्याला डोके आणि हात कुठे आहेत हे सेकंदाला अनेक वेळा मोजावेच लागते. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी ‘बीट सेबर’ या खेळाच्या ५५ हजारांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. केवळ १०० सेकंदांच्या हालचालीवरून त्या गर्दीतला नेमका माणूस ९४ टक्क्यांहून अधिक वेळा ओळखता आला. नाव नको, चेहरा नको. मान वळवण्याची आणि हात उचलण्याची लकब पुरली. पासवर्ड बदलता येतो, ही लकब बदलता येत नाही. काही नव्या यंत्रांत नजर कुठे खिळते याचीही नोंद होते. कशाने आपण दचकतो, कशाकडे परत परत पाहतो, हे त्या नोंदीत उतरते. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपन्यांच्या हाती हे असणे आम्हाला गंभीर वाटते.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक आहे, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. दुसरीकडे मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यांसाठी किमान वय तेरावरून दहावर आणले. शाळेत हेडसेट आणताना मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांनी चित्रांच्या झगमगाटाआधी करारपत्र वाचावे. हालचालींच्या नोंदी कुठे साठतात, किती दिवसांत पुसल्या जातात, त्या कोणाला दिल्या जातात, हे त्यात लेखी नसेल तर खरेदी थांबवावी. सरकारी पैसा खर्चायचाच असेल, तर तो आधी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डांत आणि दुर्बीण शस्त्रक्रियेच्या सरावकक्षांत जावा. तिथे उपयोग मोजता येतो, वापराची वेळ ठरलेली असते, आणि चष्मा कधी काढायचा हे ठरवणारी व्यक्ती शेजारी उभी असते.