निवडुंगाचा नमुना आणि संग्राहकाचें कर्तव्य

शास्त्राच्या नांवाखालीं केलेली प्रत्येक गोष्ट शास्त्रीय असतेच असें नाहीं. सहलीहून परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांत मुळासकट उपटलेलीं रोपें पाहिलीं, म्हणजे हा विचार माझ्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आठ दिवसांनीं तीं रोपें वर्गाच्या कोपऱ्यांत सुकून पडतात. त्यांवर ना स्थळ, ना तारीख. हें पाहून कित्येक पालक म्हणतात कीं, वनस्पति गोळा करण्याची ही चालच बंद करावी. मला हें मत मान्य नाहीं. मात्र संग्रह कसा करावा हें शिकलें पाहिजे, आणि तें शिकविण्यास रानटी निवडुंगासारखा गुरु क्वचितच मिळेल.

आपल्याकडे कोणत्याही काटेरी व मांसल झाडास सरसकट निवडुंग म्हणतात. परंतु मोडतांच दुधासारखा चीक गाळणारा तीनधारी निवडुंग हा एरंडाच्या कुळांतला आहे. खऱ्या निवडुंगाचे काटे अंगावरील लहानशा लवदार ठिपक्यांतून झुबक्यानें निघतात, आणि एखाददुसरी जात सोडली तर त्या सर्व कुळाची जन्मभूमि अमेरिका खंड ही होय. आपल्या कुंपणावरचा फड्या निवडुंगही मूळचा तिकडचाच.

त्या खंडांतील निवडुंगांचें ज्ञान जगास झालें तें पुष्कळ अंशीं नमुन्यांमुळें. इ. स. १८५९ मध्यें सेंट लुईस येथील वैद्य जॉर्ज एंगलमान यांनीं अमेरिका व मेक्सिको यांच्या सरहद्दीवरील निवडुंगांचें वर्णन प्रसिद्ध केलें. सरहद्दीची पाहणी करणारे लोक वाळवंटांत हिंडून नमुने पाठवीत आणि एंगलमान ते तपाशीत. पुढें ब्रिटन व रोझ या दोघांनीं इ. स. १९१९ ते १९२३ या काळांत सर्व निवडुंगकुळावर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. जिवंत रोपांच्या जोडीस वाळविलेले नमुने नसते, तर हें कार्य झालें नसतें. म्हणून संग्रह म्हणजे नासाडी, असें म्हणणें अन्यायाचें होईल.

परंतु निवडुंग हा आळशी संग्राहकाच्या हातीं लागणारा नाहीं. गवत किंवा फूल टिपकागदांत दाबलें कीं वाळतें. निवडुंगाच्या पोटांत पाणी सांठविलेलें असतें. तो तसाच दाबला तर कुजतो, नाहीं तर कागदांतच जिवंत राहून कोंब काढतो! म्हणून त्याचा फड उभा चिरावा लागतो, आंतील गर खरवडावा लागतो आणि टिपकागद वरचेवर बदलावे लागतात. फूल निराळें दाबावें लागतें. इतकें करूनही फुलाचा रंग व झाडाचा घाट नाहींसा होतोच. ते राहतात ते केवळ चिठ्ठीवर. स्थळ, तारीख, उंची, धारांची संख्या, फुलाचा रंग, जमिनीचा प्रकार व गोळा करणाराचें नांव हें ज्या चिठ्ठीवर नाहीं, तो नमुना म्हणजे नुसता कचरा होय. आणि त्या कचऱ्यासाठीं एक जीव गेला, हें विसरूं नये.

त्या जीवाची किंमत काय, तें पाहा. अरिझोनाच्या वाळवंटांतील सग्वारो नांवाचा निवडुंग चाळीस फुटांपर्यंत वाढतो. पण पहिल्या आठ वर्षांत त्याची उंची जेमतेम दीड इंच होते, आणि पहिलें फूल येण्यास सुमारें ३५ वर्षें लागतात. मुठींत मावणारें रोप उपटणारा मनुष्य एका क्षणांत कित्येक वर्षांचें काम पुसून टाकतो. न्यू मेक्सिकोंत नोल्टन यांच्या नांवानें ओळखला जाणारा एक अगदीं चिमुकला निवडुंग आहे. इ. स. १९६० मध्यें शास्त्रांत त्याचें वर्णन झालें, आणि हौशी लोकांनीं त्याची जागा जवळजवळ रिकामी केली. नव्या धरणाच्या पाण्यांत ती जागा बुडणार, अशा समजुतीनें कित्येकांनीं तीं रोपें ‘वांचविण्यासाठीं’ नेलीं. पाणी तेथवर आलेंच नाहीं! इ. स. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत १,४७८ जाती तपासल्या, तेव्हां शेंकडा ३१ धोक्यांत असल्याचें आढळलें.

कोणी म्हणेल, “मीं एकच नेला, त्यानें काय बिघडलें?” नोल्टनचा निवडुंग नेणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं हेंच म्हटलें असेल. खरा अभ्यासक आधीं मोजतो, मग परवानगी घेतो, आणि मग शक्य तेवढें थोडें घेतो. मोशेच्या नियमशास्त्रांत घरटें सांपडल्यास पिलें घ्यावीं, पण आईस सोडून द्यावें, अशी आज्ञा आहे. वनस्पतीस हीच आज्ञा लागू करावयाची तर एक फड घ्यावा, एक फूल घ्यावें, आणि मूळ जमिनींत राहूं द्यावें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या सरावासाठीं कुंपणावरचा फड्या निवडुंग आहेच. तो परका आहे व विपुल आहे. मालकास विचारून त्याचा एक फड आणा, जपून चिरा, वाळवा व चिठ्ठी लिहा. परंतु सह्याद्रीच्या कड्यावर खर्पुडीचें कंदीलासारखें फूल दिसलें तर तिचा कंद उकरूं नका. तिच्या कित्येक जाती या डोंगरांवांचून जगांत दुसरीकडे कोठेंही नाहींत. तिचें चित्र काढा, जागा टिपून ठेवा आणि पुढें चला. पालकांसही माझी एक विनंती आहे. मुलगा सहलीहून घरीं आला म्हणजे “किती आणलेंस?” असें न विचारतां “काय पाहिलेंस, आणि काय तेथेंच ठेवून आलास?” असें विचारावें. ज्या मुलास या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल, त्याच्या हातीं सृष्टिकर्त्याची ही बाग निर्धास्तपणें सोंपवितां येईल.