गोणी ना माणसाच्या मापाची, ना यंत्राच्या

सिमेंट भरलेल्या बंदिस्त वाघिणींची पूर्ण मालगाडी धक्क्याला लागते तेव्हा तिच्यात साधारण अडीच हजार टन माल असतो. ५० किलोंच्या हिशेबाने या झाल्या ५० हजार गोण्या. दिलेल्या तासांत वाघिणी रिकाम्या झाल्या नाहीत तर रेल्वे विलंब आकार लावते. त्यामुळे मुकादम टोळ्या कामाला लावतो आणि रात्र असो की मे महिन्यातली दुपार, गोण्या पाठीवरून ट्रकमध्ये चढू लागतात. कारखान्यात मात्र या मालाला माणसाची पाठ फारशी लागलेली नसते. चुनखडी फोडण्यापासून क्लिंकर दळण्यापर्यंतची कामे यंत्रावर होतात. गोणीसुद्धा फिरत्या पॅकरवर भरली जाते आणि पट्ट्यावरून सरकत पुढे येते. एवढ्या मोठ्या प्रकल्पातून निघालेला माल शेवटच्या वीस पावलांसाठी माणसाच्या मानेवर टाकला जातो.

ही वीस पावले का उरली, असे विचारले की ठरलेली उत्तरे मिळतात. यंत्रे महाग आहेत, जागा नाही, मजूर स्वस्त आहेत, शिवाय त्यांनाच यंत्र नको असते. प्रत्येकात थोडे तथ्य आहे. पण मूळ अडचण गोणीच्या मापातच आहे. ५० किलो हे वजन माणसाने सुरक्षितपणे उचलावे त्यापेक्षा खूप जास्त आहे आणि यंत्राने एकेक नग उचलावा यासाठी खूप कमी. या अवघड मापाला हात न लावता कारखाने, गोदामे आणि बाजार समित्यांमधली हमाली सुरक्षित करू पाहणे म्हणजे खर्च करूनही दुखणे तसेच ठेवणे.

आधी पाठीचा हिशेब. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाकेम्सन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या कंबरेच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून तिच्यावरचा दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे वाकले आणि हातात वजन घेतले की हा दाब किती झपाट्याने चढतो, हे त्या मोजणीने दाखवले. कारण तरफेचे आहे. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. वजन मणक्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरले, तर ते तोलण्यासाठी स्नायूंना दहापट ओढावे लागते. म्हणजे २० किलोंच्या खोक्यासाठी पाठ २०० किलोंच्या जोराने ताणली जाते, आणि वाकलेल्या धडाचे वजन त्यात वेगळे.

याच गणितावर अमेरिकेतील नायॉश या सरकारी संशोधन संस्थेचे उचलण्याचे सूत्र उभे आहे. १९९१ मध्ये सुधारलेल्या या सूत्रात सुरुवातीचा आकडा २३ किलो आहे, तोही सगळे काही अनुकूल असताना: वजन शरीराला चिकटून, हात कंबरेच्या उंचीला, पकड चांगली, अंग न वळवता आणि मधूनमधून. परिस्थिती बिघडेल तसा आकडा खाली येतो. वजन ५० सेंटिमीटर पुढे असेल तर तो निम्मा होतो. तेच वजन जमिनीवर असेल तर आणखी घटून सुमारे नऊ किलोंवर येतो. मिनिटाला किती वेळा उचलायचे आणि किती वळायचे, याची वजाबाकी त्यानंतर. डोक्यावरून किंवा पाठीवरून वाहून नेण्याला हे सूत्र लागू नाही, पण थप्पीच्या तळाची गोणी उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर चढवणाऱ्याला ते नक्की लागू आहे. त्याच्या हातातला आकडा सूत्राच्या पाचपटीहून मोठा असतो.

आपला कायदा यातला फक्त एक आकडा पाहतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३४ ने सांगितले की इजा होईल एवढे जड ओझे कोणाला उचलायला लावू नये, आणि कमाल वजन ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला. अनेक राज्यांच्या नियमांत ही मर्यादा प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो आणि स्त्रीसाठी ३० किलो अशी आली. पुरुषांसाठीचा ५५ हा आकडा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीतही आहे. म्हणजे ५० किलोंची गोणी नियमात बसते. ती किती वेळा, किती उंचीवरून, किती अंतरावर न्यायची, हे या मर्यादेत कुठेच येत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २००३ च्या मानकाने दिवसभराच्या एकूण वजनाचाही विचार केला. त्यानुसार एका माणसाने दिवसात १० हजार किलोंपेक्षा जास्त उचलू नये, आणि वीस मीटर वाहून न्यायचे असेल तर सहा हजार किलोंवर थांबावे. दहा टनी ट्रकमध्ये २०० गोण्या असतात. पाच जणांच्या टोळीने दिवसात असे तीन ट्रक रिकामे केले की प्रत्येकाच्या वाट्याला तेच सहा हजार किलो येतात. चौथा ट्रक लागतो तेव्हा कोणी मोजत बसत नाही.

मोजत नाहीत, कारण दुखणे नोंदवले जात नाही. व्यवसायजन्य म्हणून कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या कारखाना कायद्यातील यादीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, गोंगाटाने येणारा बहिरेपणाही होता. ओझ्याने झिजलेला मणका नव्हता. अपघातात बोट तुटले तर कागद तयार होतो. पंचेचाळिशीत हमाल काम सोडून गावी परततो तेव्हा कोणत्याच रजिस्टरात ओळ पडत नाही. आकडा नाही म्हणून प्रश्न नाही, आणि प्रश्न नाही म्हणून यंत्राला मंजुरी नाही.

व्यवस्थापनाची आवडती तोड म्हणजे प्रशिक्षण. भिंतीवर चित्र लागते: गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा. सोबत कंबरेचे पट्टे वाटले जातात. या दोन्हींची तपासणी झालेली आहे. उचलण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या प्रयोगांचा कोक्रेन या संस्थेने २०११ मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा पाठदुखी टळते असा पुरावा मिळाला नाही. काही प्रयोगांत प्रशिक्षणाबरोबर मदतीची साधनेही दिलेली होती, तरी निष्कर्ष बदलला नाही. पट्ट्यांबाबत नायॉशने अमेरिकेतील दुकानांच्या १६० शाखांमध्ये नऊ हजारांहून अधिक कामगारांवर लक्ष ठेवले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही पट्ट्याने दुखापत कमी झाल्याचे दिसले नाही.

साधनांचा उल्लेख यंत्रे विकणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांना, दोघांनाही अडचणीचा वाटेल. पण त्यावरून यंत्रे निरुपयोगी ठरत नाहीत. काम जुन्याच पद्धतीने चालू ठेवून कोपऱ्यात एक साधन आणून ठेवले, तर कामगार ते वापरत नाही, एवढेच त्यातून कळते. आणि न वापरण्याची त्याची कारणे शहाणपणाची असतात. चेन ब्लॉकने कास्टिंग उचलून लेथवर बसवायला हाताने उचलण्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल आणि पगार नगावर असेल, तर साखळी गंजणारच. हँड पॅलेट ट्रक दोन-अडीच टन सहज ओढतो, पण फरशी उखडलेली असेल किंवा गोदामाच्या दाराशी चार इंचांचा उंबरा असेल, तर तो ढकलणे हीच नवी पाठदुखी होते.

उलट काम बदलले की फार स्वस्त साधनेही पुरतात. भोसरी, अंबड, वाळूज किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लहान मशीन शॉपमध्ये नेहमी दिसणारे चित्र असे: कास्टिंग जमिनीवर ओतलेले असते, ऑपरेटर वाकून एक उचलतो, मशीनवर चढवतो, काम झाले की पुन्हा जमिनीवर ठेवतो. इथे रोबोची गरज नाही. क्रेट कंबरेच्या उंचीला येईल असा लोखंडी स्टँड गावातला फॅब्रिकेटर दोन दिवसांत करून देतो. नायॉशच्या सूत्रात जमीन ते कंबर हा बदलच मर्यादा जवळपास तीस टक्क्यांनी वाढवतो. क्रेट रिकामा होईल तसा वर येणारा सिझर लिफ्ट टेबल ही त्याची पुढची पायरी. हँड पॅलेट ट्रक तर साध्या मोटारसायकलपेक्षा कमी किमतीत मिळतो.

त्याच्यावरच्या पायऱ्याही भारतात नव्या नाहीत. औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत कागदी पिशव्या व खोकी हवेच्या पोकळीने चिकटवून उचलणारे व्हॅक्यूम लिफ्टर आहेत. मोटारींच्या जुळणीत टायर, सीट, बॅटरी वजनरहित झाल्यासारखे हलवणारे बॅलन्सर आहेत. आज गाजणारा कोबॉट, म्हणजे माणसाच्या जोडीने काम करणारा रोबो, हासुद्धा याच गरजेतून आला. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास असे पहिले यंत्र घडवले. त्या पहिल्या कोबॉटमध्ये जोर माणसाचा असे आणि दिशा यंत्राची. माणसाला बाजूला सारणे हा हेतूच नव्हता.

पण हमालाला तसे का वाटावे? त्याच्यासमोर गोदीचा इतिहास आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी आयडियल एक्स हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले आणि जगभरच्या बंदरांतली हमाली बदलली. मुंबईजवळ न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मुंबईच्या गोदीत माणसांच्या हातांनी चढणारा-उतरणारा माल पुढच्या काळात क्रेनखालून जाऊ लागला. हजारो पाठी वाचल्या हे खरे, आणि त्या पाठींची रोजी गेली हेही खरे. यंत्र म्हटले की टोळी सावध होते ती यामुळे, अडाणीपणामुळे नव्हे.

महाराष्ट्राकडे या भीतीवरचा उपाय बऱ्याच अंशी आधीच आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींना संघटित केले, पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने तेच काम केले. १९६९ च्या माथाडी कायद्याने एकाच मालकाकडे न राबणाऱ्या कामगारालाही मंडळात नोंदणी, मालकाकडून लेव्ही, भविष्य निर्वाह निधी आणि बोनस मिळवून दिला. गोणीचे वजन हाही चळवळीचा विषय राहिला आहे. एकेकाळी १०० किलोंचे पोते ही रीतच होती. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ५० किलोंहून जड गोण्यांविरुद्ध माथाडींनी पुन्हा पुन्हा आवाज उठवला आहे. मात्र मजुरी नगावर किंवा वजनावर ठरते, तोवर यंत्र आले की मजुरी कापली जाईल ही शंका राहणारच. स्टॅकरने किंवा फोर्कलिफ्टने हलवलेल्या टनालाही टोळीचा दर लागू राहील आणि ते चालवण्याचे प्रशिक्षण टोळीतल्याच माणसाला मिळेल, असा करार माथाडी मंडळे करू शकतात. लेव्हीवर चालणाऱ्या मंडळांनी भिवंडीसारख्या ठिकाणी हँड पॅलेट आणि स्टॅकरचा साठा ठेवून तो लहान गोदामांना भाड्याने दिला, तर ‘आम्हाला परवडत नाही’ ही सबबही उरत नाही.

आता पुन्हा गोणीकडे. ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये हाताने ओझी हाताळण्याचे नियम आले. त्यांचा क्रम स्पष्ट आहे: उचलणे टाळता येते का ते आधी पाहा, नाही तर धोका मोजा, मग तो कमी करा. त्यानंतर काही वर्षांत तिथली ५० किलोंची सिमेंटची गोणी जाऊन २५ किलोंची आली. आपल्याकडे यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. नगावर पैसे मिळत असतील तर हमाल २५ च्या दोन गोण्या एकदम घेईल. घेईलच. म्हणून लहान गोणी आणि टनावरचा दर हे एकत्रच आले पाहिजेत. जिथे माल मोठ्या प्रमाणात एकाच ठिकाणी जातो, तिथे उलट दिशेने जावे: अर्धा ते एक टन मावणारी जंबो बॅग वापरावी, किंवा सिमेंट सरळ बल्कर टँकरने सुटे न्यावे. एक टनाची पिशवी पाठीवर घेण्याचा विचारही कोणी करत नाही, यातच तिची सुरक्षितता आहे. जंबो बॅग बनवून जगाला विकणाऱ्या प्रमुख देशांत भारत आहे. देशातल्या मालधक्क्यावर मात्र ती क्वचित उतरते.

कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि कारखाना कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्याखालच्या मानकांत जुना ५५ चा आकडा तसाच उतरवून घेणे सर्वांत सोपे जाईल. त्याऐवजी उंची, अंतर, वारंवारता आणि दिवसाचे एकूण वजन यांची मर्यादा त्यात यावी. ओझ्याने होणारे मणक्याचे विकार कळवण्याच्या यादीत घ्यावेत. हाताने चढ-उतार होणाऱ्या ५० किलोंच्या गोणीला शेवटची तारीखही द्यावी. सुरुवात सिमेंटपासून करता येईल, कारण तिथे उत्पादक मोजके आहेत, भरण्याचे काम यंत्रावरच होते आणि २५ किलोंची पिशवी भरणारे पॅकर इतर देशांत सर्रास चालतात. बदलाचा खर्च प्रत्येक गोणीमागे किती पडतो, हे कंपन्यांनी जाहीर करावे. तो ग्राहकाने किती आणि कंपनीने किती सोसायचा, यावर मग मोकळेपणाने भांडता येईल.