खांब टेंपोनं पाडला, भरायचं कुणी?

फ्रिज, कपाटं, वॉशिंग मशीन, हल्ली सगळं घरपोच येतं. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून टेंपो मागे घेताना कुणाची पायरी फुटते, कुणाचं फाटक वाकतं. मग आपण एकतर ड्रायव्हरला अडवून जागेवर पैसे काढायला लावतो, नाहीतर ‘जाऊ दे, गरिबाचं पोर आहे’ म्हणून सोडून देतो. मला दोन्ही पटत नाही.

आमच्या फाटकाचा जांभ्या दगडाचा खांब असाच पडला. हेल्पर पोरगा हात जोडून म्हणाला, “काका, कंप्लेंट करू नकासा, आमच्या पगारातनं कापत्यात.” कंपनी म्हणाली, गाडी ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, चूक ड्रायव्हरची, त्याच्याकडून घ्या. रविवारी उपासना सुटल्यावर दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी क्षमेची आठवण करून दिली.

त्या पोरावर माझा राग नाहीच. पण पोचवण्याचे पैसे वेगळे लावणाऱ्या कंपनीला क्षमा कसली? तिनं मागितली तरी होती का? निर्गमच्या २२व्या अध्यायात, ज्याचं जनावर दुसऱ्याच्या शेतात चरलं त्यानं आपल्या शेतातल्या उत्तम पिकातून भरपाई द्यावी, असं आहे. राखणाऱ्या पोराकडून वसूल करा, असं तिथं नाही.

तेव्हा तक्रार जरूर करावी, पण लेखी आणि कंपनीच्या नावानं. टेंपो हलण्याआधी मोडतोडीचा नि नंबरप्लेटचा फोटो घ्यावा. माल मिळाल्याची सही करायची असेल तर नुकसान झाल्याचं तिथंच लिहावं. गवंड्याकडून खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा. माल ऑनलाइन घेतलेला असेल तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. दाद लागली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, मग कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची. मुदत २ वर्षांची, मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लागतोच असंही नाही.

माल शेजाऱ्याचा आणि भिंत आपली, असं असेल तर मात्र आपण त्या कंपनीचे ग्राहक ठरत नाही. तिथं गाडीचा थर्ड पार्टी विमा कामी येतो. पोलिसांत नोंद करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. वाट जरा लांबची आहे, पण आहे.

मी तक्रारीत शेवटी एक वाक्य घातलं होतं: ही रक्कम ड्रायव्हर किंवा हेल्परच्या मजुरीतून कापू नये. कंपनीनं आधी खरेदीचं कूपन देऊ केलं. कूपननं खांब उभा राहत नाही, असं कळवल्यावर तीन आठवड्यांनी पैसे खात्यात आले. पोराच्या पगाराचं काय झालं, यावर मात्र अजून उत्तर नाही. परवा पुन्हा पत्र टाकलंय.

— एक वाचक, बेळगाव