धुण्यातली धूळ

आमच्या वस्तीतील एका मावशींना दम लागू लागला. छातीचा फोटो काढला, तर पाणी झालेले. टी.बी. समजून गोळ्या सुरू झाल्या. पाणी काढले तरी पुन्हा भरायचे. कागदपत्रांसाठी मी बरोबर जात होतो. केसपेपरवर ‘व्यवसाय : घरकाम’ एवढेच लिहिलेले. शेवटी मोठ्या दवाखान्यातील डॉक्टरांनी विचारले, “मालक कुठे कामाला होते?”

मालक मुंबईला ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात होते. ते वारले. त्यांचे धुळीने माखलेले कपडे मावशी झटकून धूत असत. तुकडा काढून तपासला आणि निदान झाले : मेसोथेलिओमा.

भगिनींनो, हा बहुधा फुफ्फुसावरील आवरणाचा कॅन्सर. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासातून आत जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. रोग दिसायला वीस ते पन्नास वर्षे लागतात. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी हा संबंध दाखवला. १९६५ साली लंडनमधील पाहणीत कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या माणसांतही हा रोग आढळला. म्हणजे मावशींची गोष्ट नवी नाही, आपल्याला ती कोणी सांगितली नव्हती एवढेच.

नुसत्या फोटोवरून हा रोग ठरत नाही. काढलेल्या पाण्याच्या तपासणीतही तो पुष्कळदा निसटतो. सी.टी. स्कॅन आणि बायोप्सी लागते. छातीत पाणी पुन्हा पुन्हा होत असेल, तर घरातल्या प्रत्येकाचे जुने काम डॉक्टरांना आपणहून सांगा. रोग पुरता बरा होणे कठीण, पण वेळेत कळला तर उपचार आणि आराम मिळतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीतही आहे. पण ही सोय कामगाराची. मावशींचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. त्यांनी केलेल्या धुण्याची नोंद कोण ठेवणार?

म्हणून आज एवढे करा. घरातील जुनी हजेरी कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, ई.एस.आय.चे कार्ड रद्दीत देऊ नका. कोण, कुठे, किती वर्षे कामाला होते ते वहीत लिहून ठेवा. छपरावरचा सिमेंटचा जुना पत्रा कापू, घासू किंवा फोडू नका. तुकडे उचलावेच लागले तर आधी पाणी मारा, कोरडा झाडू लावू नका.

आणि केसपेपरवर कोणी ‘घरकाम’ लिहिले, तर विचारा, “कोणाचे कपडे धुतले, तेही लिहिता का?”